ओरॅकल ते सुपीरियर : अ‍ॅरिझोना ट्रेलवर सायकलने चार दिवस, सल्ला हवा

रानवाटा :
नमस्कार मंडळी. नोव्हेंबरच्या मध्यात मी आणि नवरा अ‍ॅरिझोना ट्रेलचा (अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यातली लांब पायवाट) ओरॅकल ते सुपीरियर हा भाग माउंटन बाइकवर सामान लादून करायचा म्हणतोय. अंतर साधारण १५० किमी. डांबरी रस्त्यावर दिवसभर सायकल चालवायची दोघांनाही सवय आहे, पण सामानासकट सिंगलट्रॅक, म्हणजे एकच सायकल जाईल अशी अरुंद वाट, पहिल्यांदाच. रोज पन्नास किमी धरून तीन दिवसांत संपवायचं आणि चौथा दिवस हाताशी ठेवायचा, असा बेत आहे. पाणी, टायर, मुक्काम, जे सुचेल ते सांगा.

मंदगती :
भाग सुरेख निवडलात, पण रोज पन्नासचा हिशेब आधी बाजूला ठेवा. या वाटेवर मुक्काम कुठे पडणार हे पायांतल्या जोरापेक्षा पाणी ठरवतं.

ओरॅकलजवळच्या टायगर माइनपासून फ्रीमन रोड साधारण ४५ किमी. तिथून केल्विन जवळपास तेवढंच. तिथून पुढे सुपीरियरजवळचं पिकेटपोस्ट ६० किमी. फ्रीमन रोडला ट्रेलवाल्यांसाठी पाण्याची पेटी आहे. त्यात कोणीतरी ठेवलेलं पाणी असतंही, नसतंही, तेव्हा त्याच्या भरवशावर निघू नका. आदल्या दिवशी गाडीने जाऊन आपले कॅन ठेवा, वर नाव आणि तारीख लिहा आणि रिकामे कॅन परत घेऊन या. गुरांसाठी बांधलेली टाकी वाटेत लागतात, पण हिरवट पाणी गाळून प्यायची तयारी हवी.

माणशी सहा ते आठ लिटर वाहता येईल अशी सोय करा. एक लिटर म्हणजे एक किलो, म्हणून पाण्याची पिशवी फ्रेमच्या मधल्या बॅगेत, जितकी खाली बसेल तितकी खाली. सीटमागच्या बॅगेत पाणी भरलंत तर प्रत्येक वळणावर सायकल मागून हेलकावे खाणार.

केल्विननंतर वाट बराच वेळ गिला नदीच्या काठाने जाते आणि मग नदी सोडून अलामो कॅन्यनकडे चढायला लागते. सगळ्यात जड चढ, तोही पाणी भरून घेतल्यानंतर लगेच. तिथे सायकल ढकलावी लागेल, म्हणून खडकावर पकड घेणारे बूट घाला. कडक तळव्याचे रेसिंगचे बूट नकोत.

चारही दिवस सायकलवर जातील असंच धरा. राखीव दिवस हवा असेल तर पाचवा काढा, नाहीतर केल्विनलाच थांबा. नव्वद किमीचा तो प्रवासही भरपूर आहे.

काटेसावर :
पाण्याचं मंदगतींनी सांगितलंच, मी काट्यांवर येतो. ट्यूबलेस, म्हणजे आत ट्यूब नसलेल्या टायरशिवाय निघू नका. टायर २.४ इंच किंवा त्याहून रुंद, कडा मजबूत असलेले, आणि निघायच्या आठवड्यात सीलंट (बारीक भोकं आपोआप बुजवणारा द्रव) नवीन भरा. कोरड्या हवेत ते भराभर सुकतं. दोन स्पेअर ट्यूब, भोकात खुपसायचे रबरी प्लग, टायरच्या आतून लावायचा तुकडा, जाड सुई आणि डेंटल फ्लॉस एवढं हवंच. कड फाटली की त्याच फ्लॉसने टाके घालता येतात.

चोया निवडुंगाचा गोळा पायाला चिकटला तर हात लावायचा नाही. काट्यांना उलट्या बारीक कुसळ्या असतात, ओढायला गेलात की बोटांतही रुततात. साधा कंगवा त्वचा आणि गोळा यांच्यामध्ये सरकवायचा आणि एका झटक्यात अंगापासून दूर उडवायचा. मग उरलेले काटे चिमट्याने. दोघांकडे एकेक कंगवा असू द्या.

कॅरिअर नको, पट्ट्यांनी बांधायच्या बॅगा घ्या. दगडांवर कॅरिअरचे बोल्ट ढिले होतात. बाटलीच्या स्टँडचे स्क्रूही रोज संध्याकाळी तपासा.

रानवाटा :
मनापासून आभार दोघांचे. बेत बदलतोय, चार दिवस आणि केल्विनला शेवट, म्हणजे घाई नाही. गिलाचं पाणी पिण्याजोगं असतं का? आणि तंबू?

मंदगती :
गिला गढूळ असते. पाणी तसंच फिल्टरमध्ये ओतलंत तर फिल्टर गाळाने तुंबतो. बादलीत घ्या, तुरटी फिरवा, निवळू द्या आणि वरचं पाणी गाळा. पण आजूबाजूला खाणी आणि शेती आहे, आणि पाण्यात विरघळलेली रसायनं साध्या फिल्टरने जात नाहीत. त्यामुळे नळाचं पाणी मिळत असेल तर ते आधी. केल्विनहून रस्त्याने कीर्नी गाव गाठता येतं. रात्री पारा शून्याजवळ गेला तर फिल्टर स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा. आतल्या नळ्या एकदा गोठल्या की तो बाद, आणि वरून बघून कळत नाही.

तंबू कोरड्या ओढ्याच्या पात्रात लावू नका. वाळू मऊ दिसते, पण लांब डोंगरात पडलेला पाऊस तिथे लोंढा होऊन येतो. गुरांच्या किंवा रानातल्या जनावरांच्या पाणवठ्यापासूनही पाव मैल लांब राहा. जनावरांना पाण्यावर येता येत नाही असा मुक्काम त्या राज्यात कायद्यानेच मना आहे. साडेपाचच्या आत सूर्य मावळतो, तेव्हा साडेचारलाच जागा शोधायला लागा.

काटेसावर :
गेट जसं सापडेल तसंच ठेवा, बंद असेल तर मागे बंद करा. नकाशे ऑफलाइन उतरवून घ्या आणि सॅटेलाइट मेसेंजर (फोनची रेंज नसतानाही उपग्रहावरून निरोप पाठवणारं यंत्र) भाड्याने मिळाला तरी घ्याच. फ्रीमन रोडच्या आसपास फोनच्या भरवशावर राहू नका.