मदत हवी आहे: तरणतलावाचं पाणी रात्रीतून गार पडतं, मोठा हीट पंप घ्यावा का?

नमस्कार मंडळी,

घरामागे आमचा छोटा, उघड्यावरचा तरणतलाव आहे. लांबी ८ मीटर, रुंदी ४ मीटर, सरासरी खोली १.४ मीटर. आईच्या गुडघ्यांसाठी फिजिओथेरपिस्टने कोमट पाण्यात व्यायाम सांगितलाय आणि तिला त्याचा खरंच गुण येतोय. एरवी पायरी चढताना कळवळते, पाण्यात मात्र सहज पाय उचलते. थंडीत हा व्यायाम खंडू नये अशी फार इच्छा आहे.

हीट पंप १२ किलोवॉटचा आहे. संध्याकाळी पाणी ३१ अंशांवर असतं, सकाळी मोजावं तर २९. आईची वेळ नेमकी सकाळची. मग पुन्हा दिवसभर पंप चालवायचा. विक्रेता म्हणतो, २० किलोवॉटचा घ्या. तलावावर सध्या आच्छादन नाही. पाण्याची पातळीही रात्रीतून तीन-चार मिलिमीटर उतरते.

शिवाय पाणी तापवायला लागल्यापासून ते दुधी दिसतं आणि कडेच्या टाइल्सवर पांढरा खरखरीत थर धरतो. पीएच (पाणी किती आम्ल वा अल्कधर्मी आहे त्याचं माप) ८ च्या आसपास येतो. रोज सकाळी लिक्विड क्लोरीन घालतो, पण संध्याकाळी तपासलं तर जवळजवळ शून्य. फिल्टरचा बॅकवॉश (उलट दिशेने पाणी सोडून फिल्टर धुणं) वेळच्या वेळी होतो.

मशीन बदलू, की आधी दुसरं काही करायला हवं?

प्रतिसाद १

मशीनला हात लावू नका. तुमच्या तलावात अंदाजे ४५,००० लिटर पाणी आहे. तेवढं पाणी एक अंशाने तापवायला साधारण ५२ युनिट (किलोवॉट-तास) उष्णता लागते, दोन अंशांना १०५. तुमचा पंप ती नऊएक तासांत भरून काढतो, म्हणजे तो चोख काम करतोय. (ही उष्णतेची युनिटं आहेत. हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता ओढतो, त्यामुळे वीज याच्या बरीच कमी लागते.) २० किलोवॉटचं मशीन हीच उष्णता लवकर भरेल, पण रात्री जाणारी उष्णता जातच राहील.

ती जाते मुख्यतः बाष्पीभवनातून. एक लिटर पाणी वाफ होऊन उडताना पाऊण युनिटाला थोडी कमी उष्णता सोबत नेतं. तुमच्या ३२ चौरस मीटर पृष्ठभागावरून साडेतीन मिलिमीटर पाणी गेलं, म्हणजे ११२ लिटर, म्हणजे सुमारे ७५ युनिट. १०५ मधली ७५! उरलेली उघड्या आकाशाकडे आणि गार हवेत जाते. जमिनीतून जाणारी त्यामानाने किरकोळ.

मात्र पातळी बाष्पीभवनानेच उतरते ना, याची आधी खात्री करा. एका बादलीत तलावाचंच पाणी भरून ती तलावाच्या पायरीवर अर्धी बुडवून ठेवा. आतली आणि बाहेरची पातळी खुणेने नोंदवून रात्रभर फिल्टर बंद ठेवा. दोन्हीकडे सारखंच उतरलं तर बाष्पीभवन. तलावात जास्त उतरलं तर कुठेतरी गळती आहे, आणि गळतीत तापवलेलं पाणी जाऊन जागी गार पाणी येतं.

बाष्पीभवनच निघालं तर बबल कव्हर घ्या, म्हणजे पाण्यावर तरंगणारं हवेच्या फुग्यांचं प्लास्टिकचं आच्छादन. फुगे खाली, पाण्याकडे. रोलर नक्की बसवा, कारण ओलं कव्हर एकट्याने ओढणं जिवावर येतं आणि मग ते घालायचंच राहून जातं. वाऱ्याच्या बाजूला कुंपण किंवा दाट झुडपं असतील तरी फरक पडतो. हीट पंप दुपारी चालवा. हवा उबदार असताना तो तेवढ्याच विजेत जास्त उष्णता देतो.

प्रतिसाद २

वरच्या हिशोबाशी सहमत, पण मला पाण्याची जास्त काळजी वाटते. पीएच ८ आणि त्यात गरम पाणी म्हटल्यावर विरघळलेलं कॅल्शियम बाहेर पडणारच. दुधी रंग आणि पांढरा थर बहुधा त्याचाच. हाच थर हीट पंपाच्या आतल्या नळ्यांवर धरला की पाणी तापायला वेळ लागतो. पीएच ७.४ ते ७.६ वर आणा. एकूण अल्कलिनिटी (पीएच स्थिर ठेवणारे पाण्यातले क्षार) ८० ते १२० पीपीएमच्या (दहा लाख भागांत इतके भाग) दरम्यान आहे का तेही बघा, नाहीतर पीएच सतत हलत राहील.

पीएच ८ ला क्लोरीनचं बळही घटतं. ७.५ ला निम्मं क्लोरीन जंतू मारणाऱ्या जोमदार रूपात असतं, ८ ला जेमतेम पाव. आणि तुम्ही सकाळी घातलेलं क्लोरीन उन्हाने नष्ट होतंय. लिक्विड क्लोरीनमध्ये स्टॅबिलायझर (उन्हापासून क्लोरीन टिकवणारं सायन्युरिक ॲसिड) नसतो, त्यामुळे कडक उन्हात ते काही तासांत संपतं. ते ॲसिड पाण्यात ३० ते ५० पीपीएम ठेवा आणि क्लोरीनचा डोस सूर्यास्तानंतर द्या. डोस दिल्यावर पंप चालू ठेवून तासभर तरी तलाव उघडा असू द्या, कव्हर नंतर.

पीएच उतरवायचं ॲसिड आणि क्लोरीन कधीही एकत्र करू नका, एकाच मापातून ओतू नका. विषारी वायू तयार होतो. दोन्हींच्या मध्ये काही तास जाऊ द्या. ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये नाही.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचे मनापासून आभार. बादलीची चाचणी आजच लावतो. घरात चार वर्षांची भाची आहे. कव्हर घातलेलं असलं की ती तरी सुरक्षित राहील ना?

प्रतिसाद १

नाही, उलट धोका वाढतो. बबल कव्हर वजन पेलत नाही. मूल त्यावर गेलं तर ते खाली जातं आणि कव्हर वरून मिटतं. आपोआप बंद होणाऱ्या फाटकाचं कुंपण हवंच. आणि आई उतरण्याआधी कव्हर पूर्ण काढा, अर्धं गुंडाळून ठेवू नका. सकाळी एकट्या असतात का त्या पाण्यात?