पळणाऱ्याला पकडायचा अधिकार सामान्य माणसाला असावा का?

चष्मेबहाद्दर
गुन्हा करून पळणाऱ्याला कुणीही पकडावं, कायदा आपल्याच बाजूने असतो, असं छातीठोकपणे सांगणारे बरेच भेटतात. हे अर्धंच खरं आहे आणि उरलेलं अर्धं कुणाच्या तरी जिवावर बेतू शकतं. माझं मत आधीच सांगतो: नुसत्या संशयावरून पाठलाग करून माणूस पकडायचा अधिकार खासगी व्यक्तीला कुठल्याच देशात नसावा.

अमेरिकेतल्या जॉर्जियाचंच बघा. तिथे 1863 पासून एक कायदा होता. गंभीर गुन्हा करून कुणी पळत असेल, तर वाजवी संशयाच्या आधारावर कोणालाही त्याला अटक करता येत असे. फेब्रुवारी 2020 मध्ये धावायला बाहेर पडलेल्या 25 वर्षांच्या एका निःशस्त्र कृष्णवर्णीय तरुणामागे तीन गोरे पुरुष दोन पिकअप गाड्या घेऊन लागले. तो एका अर्धवट बांधलेल्या घरात शिरला होता, पण तिथून त्याने काहीच उचललं नव्हतं. गाड्या आडव्या घालून त्याला अडवलं आणि गोळ्या घातल्या. कोर्टात बचाव काय, तर आम्ही नागरिक म्हणून अटक करत होतो! नोव्हेंबर 2021 मध्ये तिघेही खुनाबद्दल दोषी ठरले. त्याआधी मे महिन्यातच राज्याने तो कायदा रद्द केला होता.

पळतोय म्हणजे काहीतरी केलंच असणार, हा हिशोब मला मुळातच पटत नाही. मागे चार माणसं लागली की निरपराध माणूसही पळणारच.

खडूस
एक भयंकर प्रकरण घ्यायचं आणि सगळा अधिकारच गाडायचा, ही पद्धत सोयीची आहे. ते तिघे दोषी ठरले, हे तुम्हीच लिहिलंय. म्हणजे कायदा असतानाही त्यांना तो बचाव मिळाला नाही. आणि जॉर्जियाने सगळंच रद्द केलं नाही. दुकानदाराला चोरीच्या संशयिताला थोडा वेळ थांबवून ठेवायची मुभा नव्या कायद्यातही आहे.

हा अधिकार पोलिसांकडून उसना आलेला नाही. उलट तो पोलिसांपेक्षा जुना आहे. इंग्लंडमध्ये 1285 च्या विंचेस्टर कायद्यानुसार आरोळी उठली की गावाने चोरामागे धावायचं हे कर्तव्यच होतं. चोर हाती लागला नाही तर भरपाई त्या मुलखातल्या लोकांच्या डोक्यावर. लंडनचं पगारी, गणवेशातलं पोलीस दल आलं 1829 मध्ये. तोपर्यंत चोर काय आपणहून हजर होत होते?

आता तो अधिकार काढून टाका. डोळ्यांदेखत कुणी म्हातारीच्या गळ्यातली साखळी ओढून पळतोय आणि मी त्याचा दंड धरला. अधिकार नसेल तर माणूस डांबून ठेवल्याचा गुन्हा माझ्यावर! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

चष्मेबहाद्दर
1285 मध्ये खिशात फोन नव्हता. आज फोटो आहे, गाडीचा नंबर आहे. आणि डोळ्यांदेखत घडलेल्या गुन्ह्याबद्दल मी बोलतच नाहीये. मी लिहिलंय "संशयावरून". परत वाचा.

वकिलीण
दोघांनाही थोडा कायदा वाढते.

भारतात 1 जुलै 2024 पासून नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे अटक-तपासाची पद्धत ठरवणाऱ्या नव्या कायद्याचं, कलम 40 लागू आहे. खासगी व्यक्ती अटक करू शकते ती दोनच प्रकारच्या माणसांना. एक, ज्याने तिच्या समक्ष दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) आणि अजामीनपात्र (जामीन हक्काने मिळत नाही असा) गुन्हा केलाय तो. दुसरा, न्यायालयाने रीतसर फरार घोषित केलेला. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 43 मध्ये "विनाकारण उशीर न करता" पोलिसांकडे द्या, एवढंच होतं. आता त्याला सहा तासांची कमाल मर्यादा जोडली आहे. म्हणजे इथे संशयाला जागाच नाही.

गंमत पुढे आहे. नव्या न्याय संहितेत चोरीचा माल 5,000 रुपयांच्या आतला असेल, माणूस पहिल्यांदाच दोषी ठरत असेल आणि त्याने माल परत केला, तर शिक्षा समाजसेवेची. हा प्रकार अदखलपात्र आणि जामीनपात्र, म्हणजे कलम 40 मध्ये बसतच नाही. पळणाऱ्याच्या पिशवीत किती रुपयांचा माल आहे, त्याची ही कितवी वेळ, हे मागे धावणाऱ्याला कुठून कळणार?

इंग्लंडमधला सापळा याहून बारीक आहे. गुन्हा घडून गेल्यावर पकडायचं असेल, तर गुन्हा खरोखर घडलेला असावा लागतो. पोलिसाला वाजवी संशय पुरतो, तुम्हाला नाही. 1992 च्या एका निकालात हे फार स्पष्ट दिसतं. दुकानातून चॉकलेटची वडी घेऊन निघालेल्या माणसाला दुकानाच्या कर्मचाऱ्याने आणि रस्त्यावरच्या एकाने पकडायचा प्रयत्न केला. त्याने मारहाण केली. ज्यूरीने त्याला चोरीतून निर्दोष सोडलं. मग अपील न्यायालय म्हणालं, चोरीच झाली नाही तर अटक कायदेशीर नव्हती, आणि अटकेला विरोध म्हणून केलेल्या मारहाणीची शिक्षाही रद्द.

खडूस
म्हणजे लाथा खाल्ल्या त्यांनी आणि चूकही त्यांचीच! असले कायदे करून वर नागरिकांनी पुढे यावं म्हणून भाषणं द्यायची.

कॅनडाने यावर डोकं वापरलं. टोरांटोत 2009 मध्ये एका दुकानदाराकडून एकाने झाडांच्या कुंड्या चोरल्या आणि तासाभराने तोच परत आला. दुकानदाराने धरला, बांधला, गाडीत टाकला. पोलिसांनी गुन्हा नोंदवला दुकानदारावर, कारण गुन्हा "चालू असताना" पकडलं नव्हतं. पुढे तो सुटला, आणि 2013 मध्ये कायदाच बदलला. आता मालमत्तेचा मालक गुन्ह्यानंतर वाजवी वेळेतही पकडू शकतो, फक्त तेव्हा पोलिसांना पकडणं शक्य नव्हतं असं त्याला वाजवीपणे वाटायला हवं. अडचण दिसली तर कायदा असा सुधारावा. उपटून फेकायची गरज नाही.

रात्रपाळी
सुरक्षा रक्षकांचा पर्यवेक्षक म्हणून बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून लिहितो. पकडणं हे कुणालाही जमतं. पकडल्यानंतरची पंधरा मिनिटं कुणालाच येत नाहीत.

माणूस खाली पडला की पहिला जण पाठीवर गुडघा रोवतो, दुसरा पायांवर बसतो, तिसरा मान दाबतो. पालथ्या माणसाच्या पाठीवर वजन आलं की छाती फुलत नाही. तो श्वासासाठी धडपडतो. वरच्यांना वाटतं अजून मस्ती आहे, म्हणून ते आणखी दाबतात. मग तो शांत होतो आणि सगळ्यांना हायसं वाटतं. आम्ही पोरांना पहिल्या दिवशी हेच शिकवायचो: शांत झाला की आधी कुशीवर वळवा, बसता करा, बोलतं करा. बोलला नाही तर पोलिसांच्या आधी रुग्णवाहिका.

दुसरी गोष्ट बघ्यांची. पकडणारे दोन असतात, हात साफ करून घेणारे वीस. त्यातल्या कुणाचं नाव पोलिसांच्या कागदावर येत नाही. येतं ते ज्याने पहिल्यांदा कॉलर धरली त्याचं.

मी अधिकाराच्या विरोधात नाही. पण अंगात येऊन धावणाऱ्यांना हे ठाऊक असावं.

पायवाट
वकिलीण बाई, पळणाऱ्यावर पोलिसांनी तरी गोळी झाडावी का, याचा निकाल लागलाय ना अमेरिकेत?

वकिलीण
लागलाय. टेनेसी विरुद्ध गार्नर, 1985. घरफोडीच्या संशयावरून कुंपण चढून पळणाऱ्या 15 वर्षांच्या निःशस्त्र मुलाला पोलिसाने गोळी घातली होती. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, जीवघेणा धोका नसताना केवळ पळतोय म्हणून मारता येणार नाही.

चष्मेबहाद्दर
याचा पुढचा भाग माझ्या बाजूचा आहे. 1990 मध्ये मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की गार्नरचं बंधन सरकारी माणसांवर आहे, खासगी नागरिकावर नाही. म्हणजे प्रशिक्षण घेतलेल्या, गणवेशातल्या, चौकशीला उत्तर देणाऱ्या पोलिसावर मर्यादा, आणि शेजारच्या बंदूकवाल्याला त्याहून मोकळं रान. हे कुणाला पटत असेल तर हात वर करा.

खडूस
नाही पटत. बंदूक काढून घ्या, माझी हरकत नाही. हात धरायचा अधिकार ठेवा. तुम्ही सारखे त्या दोन गोष्टी एकाच पोत्यात घालताय. जर्मनीत बघा. गुन्हा करताना सापडलेल्याला किंवा ताजा पाठलाग चालू असलेल्याला, तो पळून जाईल असं वाटलं किंवा ओळख लगेच पटत नसली, तर कुणीही तात्पुरतं धरू शकतं. तिथे काय अराजक माजलंय?

आणि एक विसरताय. अधिकार काढला म्हणून लोक धावायचे थांबणार नाहीत. फक्त "सहा तासांत सोपवा" हे बंधन निघून जाईल. जो कायद्याने धरू शकतो, त्यालाच कायदा "आता सोड" म्हणू शकतो.

चष्मेबहाद्दर
शेवटचा मुद्दा वजनदार आहे. पण तो डोळ्यांनी पाहिलेल्या गुन्ह्यापुरताच. संशयावर माझं म्हणणं तिथेच आहे.

पायवाट
माझी अडचण वेगळीच. मी काही पाहिलं नाही. कुणीतरी "चोर, चोर" ओरडतंय आणि एक जण माझ्या अंगावरून पळतोय. मी काय करायचं?

वकिलीण
कलम 40 मध्ये "अटक करू शकेल किंवा करवू शकेल" असं आहे. माझ्या वाचनाप्रमाणे ओरडणाऱ्याने गुन्हा पाहिला असेल तर अटक त्याची, तुम्ही फक्त त्याचे हात. पण मग तो ओरडणारा तिथे हजर हवा.

पायवाट
आणि तो खोटं ओरडत असेल तर?

रात्रपाळी
म्हणून आम्ही धरलेल्याच्या आधी ओरडणाऱ्याचं नाव-पत्ता लिहून घ्यायचो. निम्मे तिथेच गायब व्हायचे.