शब्दचर्चा : ‘प्रादेशिक’ वास्तू म्हणजे नेमकी कोणती?

प्रश्न

कोल्हापुरातील आमच्या पेठेत तालीम मंडळाच्या जागेवर सर्वांसाठी सभागृह बांधण्याचे घाटत आहे. वास्तुविशारदांनी दिलेल्या टिपणात ‘इमारतीचे स्वरूप प्रादेशिक असेल’ असे वाक्य आहे. मंडळातील काहींनी त्याचा अर्थ ‘दर्शनी बाजूस कमानी आणि वर घुमट’ असा घेतला, तर काहींना त्यातून काहीच बोध झाला नाही. या अर्थाने मराठीत कोणता शब्द वापरावा? शिवाय ‘कम्युनिटी हॉल’ला समाजमंदिर म्हणावे की सांस्कृतिक भवन?

पहिला प्रतिसाद

‘प्रादेशिक’ हा शब्द अशुद्ध नाही. मात्र त्याला आधीच बरीच कामे लावलेली आहेत. प्रादेशिक परिवहन कार्यालय म्हणताना तो फक्त हद्द दाखवतो, प्रादेशिक कादंबरी म्हणताना बोली आणि लोकजीवन. वास्तुकलेत त्याला तिसरा अर्थ आहे. १९८१ मध्ये अलेक्झांडर झोनिस आणि लियान लफेव्र या वास्तुकलेच्या अभ्यासकांनी ‘क्रिटिकल रीजनॅलिझम’ ही संज्ञा वापरली आणि १९८३ मधील केनेथ फ्रॅम्प्टन यांच्या निबंधामुळे ती सर्वदूर पोचली. जुन्या शैलीचे तुकडे नव्या भिंतीवर चिकटवण्याला तिचा जितका विरोध आहे, तितकाच जगभर एकाच साच्याच्या इमारती उठवण्यालाही आहे. जमिनीचा चढउतार, उजेड, हवामान आणि बांधणीची रीत यांच्याशी इमारतीने नाते जोडावे, असे ती सांगते. तिचे ‘चिकित्सक प्रादेशिकता’ हे भाषांतर अभ्यासकांपुरते ठीक आहे, पण पेठेतल्या बैठकीत ते चालणार नाही. मी ‘प्रदेशनिष्ठ’ सुचवेन. वस्तुनिष्ठ, व्यक्तिनिष्ठ हे शब्द अंगवळणी पडलेले असल्याने तो परका वाटत नाही.

‘प्रादेशिक’ आणि ‘प्रदेशनिष्ठ’ यांतला फरक आपल्या गावातच दाखवता येतो. चार्ल्स मँट यांनी आराखडा केलेला आणि १८८४ मध्ये पूर्ण झालेला न्यू पॅलेस काळ्या दगडात बांधलेला आहे, परंतु त्यावर गुजरात आणि राजस्थानकडील घडणीची छाप आहे. ‘मराठी प्रादेशिक शैली’ म्हणून त्याचे छायाचित्र छापले जाते तेव्हा दगड आणि शैली यांची गल्लत झालेली असते. उलट खासबाग मैदान पाहा. राजर्षी शाहू महाराजांना त्याची कल्पना रोममधील प्राचीन क्रीडागार पाहून सुचली, असे सांगितले जाते. म्हणजे मूळ प्रेरणा परदेशी. तरीही मधोमध लाल मातीचा हौदा, भोवती चढत गेलेली बैठक आणि शेवटच्या माणसालाही पकड दिसावी अशी उतरण, हे सारे इथल्या कुस्तीच्या गरजेतून घडलेले आहे. त्या मैदानावर ‘कोल्हापुरी’ म्हणून ओळखू येईल असे नक्षीकाम नसले तरी काही बिघडत नाही. जुन्या तालमींचेही तसेच: हौद्याच्या खोलीला खिडक्या लहान ठेवतात, कारण थेट ऊन आले तर माती वाळते. आमच्याकडे सध्या ‘पारंपरिक टच’ नावाचा जो प्रकार बोकाळला आहे, त्यात फायबरची कमान असते आणि तिच्यामागे पश्चिमेचे ऊन झेलणारी काच; त्याला प्रादेशिक म्हणणे हा शब्दावर अन्याय आहे.

दुसरा प्रतिसाद

‘प्रदेशनिष्ठ’मध्ये प्रांताभिमानाचा वास येतो. ‘स्थलानुरूप’ हा नेमस्त शब्द असताना नवा कशाला हवा?

पहिल्याचे उत्तर

दोन्ही शब्द हवेत, कारण त्यांचे क्षेत्र वेगळे आहे. फिनलंडमधील सायनात्सालो येथील नगरभवन बांधताना आल्वार आल्टो यांनी पाया खणताना निघालेली माती वापरून मधले अंगण एक मजला उंच केले आणि त्याभोवती कार्यालये, वाचनालय व सभागृह रचले. हा निर्णय स्थलानुरूप म्हणावा, कारण तो त्या जागेपुरता आहे. पुण्यातील ‘आयुका’ या खगोलशास्त्राच्या संशोधन केंद्रात चार्ल्स कोरिया यांनी दख्खनचा काळा दगड आणि पायऱ्यांचे कुंड वापरले, ते प्रदेशनिष्ठ, कारण ते कुंड नाशकात किंवा साताऱ्यातही परके वाटले नसते. प्रांताभिमानाची शंका रास्त आहे, परंतु वाक्यात ‘इमारत’ हा कर्ता असला की ती उरत नाही.

तिसरा प्रतिसाद

नावाविषयी थोडेसे. ‘समाजमंदिर’ हा जुना, रुळलेला शब्द आहे. मात्र व्यवहारात तो बहुधा एखाद्या वस्तीच्या किंवा समाजाच्या नावाला जोडून येतो, त्यामुळे पेठेतील सर्वांना तो आपला वाटेलच असे नाही. ‘सांस्कृतिक भवन’ म्हटले की नाटक आणि सत्कार डोळ्यांपुढे येतात. ‘मंगल कार्यालय’ भाड्याचे. लोक शेवटी ‘तालमीचा हॉल’च म्हणणार आहेत, तेव्हा कागदावर ‘पेठेचे सभागृह’ पुरे.

टिपणातील वाक्याबाबत माझी सूचना अशी की, विशेषण कोणतेही ठेवा, पण पुढे ‘म्हणजे’ लिहून खुलासा करा. २०१९ आणि २०२१ चा पूर पाहिलेल्या गावात जोते किती उंच घेणार, पावसाळ्यात चपला काढून उभे राहण्यापुरती ओसरी मिळणार का, पागोळ्यांचे पाणी कुठे जाणार, आणि संध्याकाळी म्हाताऱ्या माणसांना बसायला रस्त्याकडे कट्टा असणार की तिथे वाहनतळ होणार, एवढे मुद्दे त्यात आले तर मंडळात अर्थावरून वाद होणार नाही. झाला तर तो खर्चावरून होईल.