गाड्या उत्तम बनवणाऱ्या कंपन्या सॉफ्टवेअरपाशी का अडतात?

मृदुगंधा

ज्या कंपन्यांनी अनेक दशकांच्या अनुभवातून इंजिन, गिअरबॉक्स आणि सस्पेन्शन यांवर प्रभुत्व मिळवले, त्यांच्याच नव्या गाड्या सॉफ्टवेअर तयार नसल्यामुळे उशिरा बाजारात येतात, असे अलीकडे वारंवार वाचनात येते. फोक्सवॅगन समूहाने २०२० साली सॉफ्टवेअरसाठी कॅरियाड ही स्वतंत्र कंपनी उभी केली, तरीही पोर्शेची विजेवर चालणारी मकान आणि ऑडीची क्यू ६ ई-ट्रॉन या दोन्ही गाड्या लांबणीवर पडल्या. पुढे २०२४ मध्ये याच समूहाने २००९ साली स्थापन झालेल्या, विजेच्या गाड्या बनवणाऱ्या रिव्हियन या अमेरिकी कंपनीत ५ अब्ज डॉलरपर्यंत गुंतवणूक करून सॉफ्टवेअरसाठी तिच्याशी भागीदारी करण्याचे जाहीर केले. पैसा, अभियंते आणि कारखाने हाताशी असताना अडचण नेमकी कोठे आहे? चांगले प्रोग्रॅमर मिळत नाहीत एवढेच कारण आहे, की गाडीच्या रचनेतच काही दडलेले आहे?

चक्रधर

माझ्या मते दोष प्रोग्रॅमरांचा कमी आणि रचनेचा अधिक आहे. ही रचना कोणी एका दिवशी ठरवून केलेली नाही. गरज पडेल तसतशी ती वाढत गेली.

अमेरिकेत १९७० च्या स्वच्छ हवा कायद्यानंतर धुरावरचे निर्बंध कडक झाले. धूर शुद्ध करणारा तिहेरी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट चालण्यासाठी पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा हे प्रमाण सतत सांभाळावे लागते, आणि तेवढी अचूकता हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या जुन्या यांत्रिक कार्ब्युरेटरला साधत नव्हती. म्हणून ऑक्सिजन सेन्सर, इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन आणि त्यांचे नियंत्रण करणारा छोटा संगणक इंजिनापाशी आला. १९७८ मध्ये बॉश या जर्मन पुरवठादाराची इलेक्ट्रॉनिक एबीएस प्रणाली (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके अडकून घसरू न देणारी) मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आली. त्यानंतर एअरबॅग, काचा, दरवाजे, दिवे, आसने अशा प्रत्येक सोयीबरोबर तिचे स्वतंत्र कंट्रोल युनिट, म्हणजे तिचे नियंत्रण करणारा छोटा संगणक, येत गेले.

ही युनिट बहुधा गाडी बनवणारी कंपनी तयार करत नसे. ती आपल्या गरजा लिहून देई, पुरवठादार त्यानुसार बंद डबा बनवून देई, आणि त्यातले सॉफ्टवेअर पुरवठादाराचेच राही. या पद्धतीला मी चुकीची म्हणणार नाही, कारण तिच्यामुळे खर्च आटोक्यात राहिला आणि बिघाडाची जबाबदारी कोणाची हेही स्पष्ट राहिले. परंतु तिचा परिणाम असा झाला की गाडीतील बहुतांश सॉफ्टवेअर आतून कसे चालते, याचे ज्ञान कंपनीच्या स्वतःच्या घरात साठलेच नाही.

डब्यांची संख्या वाढली तशी त्यांना जोडणाऱ्या तारांचीही गुंतागुंत वाढली. बॉशने १९८३ पासून विकसित करून १९८६ मध्ये मांडलेल्या कॅन बस या संदेशवहन पद्धतीने हा प्रश्न फार सुंदर रीतीने सोडवला. दोनच तारांवर सगळी युनिट बोलतात. दोन संदेश एकाच क्षणी निघाले तर ज्याचा क्रमांक लहान तो पुढे जातो, दुसरा थांबून नंतर पुन्हा निघतो, आणि एकही संदेश वाया जात नाही. इतकी साधी आणि टिकाऊ कल्पना अभियांत्रिकीत क्वचित सापडते. मात्र तिच्यामुळे आणखी एक डबा जोडणे अगदी सोपे झाले, आणि महागड्या गाड्यांमधील युनिटची संख्या शंभराच्या आसपास पोहोचली. आता पुढच्या गाडीपासून आपोआप अंतर राखण्यासारखी सोय सुधारायची असेल तर रडार, कॅमेरा, ब्रेक, इंजिन आणि डॅशबोर्ड या सर्वांना हात लावावा लागतो, आणि त्यांतील प्रत्येकाचा पुरवठादार, करार आणि चाचण्यांचे वेळापत्रक वेगळे असते. कॅरियाडसारख्या कंपनीपुढचे काम म्हणूनच नवा प्रोग्रॅम लिहिण्यापेक्षा कितीतरी मोठे आहे.

निरंजन_क

वरील विवेचनाला एक जोड देतो. नव्या कंपन्यांना हा वारसा नसल्यामुळे त्यांनी थोडे पण शक्तिशाली संगणक घेतले आणि गाडीच्या प्रत्येक भागातील सेन्सर व मोटारी जवळच्याच एका युनिटला जोडल्या. या विभागवार रचनेत तारांची लांबी आणि वजनही घटते. तिचा फायदा २०१८ मध्ये ठळकपणे दिसला. 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या अमेरिकी संस्थेच्या चाचणीत टेस्लाच्या मॉडेल ३ ला ताशी ६० मैलांवरून थांबण्यास १५२ फूट लागले होते. कंपनीने इंटरनेटवरून पाठवलेल्या अपडेटनंतर हेच अंतर १३३ फुटांवर आले. एकही सुटा भाग न बदलता ब्रेक सुधारतात, हे पारंपरिक पद्धतीत जवळजवळ अशक्य होते.

तरीही या उदाहरणाचे मी निखळ कौतुक करू शकत नाही. ब्रेकसारख्या गोष्टीत एवढी सुधारणा विक्रीनंतर होते, याचा अर्थ ती विक्रीपूर्वी व्हायला हवी होती. दूरवरून दुरुस्ती करता येते म्हणून अपुरे काम ग्राहकाच्या हाती सोपवण्याचा मोह वाढतो, आणि तो मोह कंपन्यांनी आवरलाच पाहिजे.

सुरक्षाव्रती

कॅन बसची जी थोरवी वर सांगितली आहे तिची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. संदेश खरोखर कोणी पाठवला हे पडताळण्याची सोय तिच्यात मुळातच नाही, कारण त्या काळी गाडीचा बाहेरच्या जगाशी संबंधच नव्हता. २०१५ मध्ये चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक या दोन संशोधकांनी मोबाईल नेटवर्कवरून जीप चेरोकीच्या मनोरंजन यंत्रणेत आणि तेथून कॅन बसवर प्रवेश मिळवून दाखवला. परिणामी सुमारे १४ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. संयुक्त राष्ट्रांच्या चौकटीतील आर १५५ आणि आर १५६ हे सायबर सुरक्षा व अपडेटविषयक नियम २०२० मध्ये संमत झाले, आणि जुलै २०२४ पासून युरोपीय संघात सर्व नव्या गाड्यांना ते लागू आहेत. केवळ या नियमांमुळेही जुन्या रचनेच्या काही गाड्यांची विक्री थांबवणे कंपन्यांना सोयीचे वाटले.

मृदुगंधा

सर्वांचे मनापासून आभार. रचनेचा मुद्दा आता नीट उमगला. यातूनच एक प्रश्न निघतो: गाडी पंधरा वर्षे वापरायची असेल तर तिचे सॉफ्टवेअर आणि चिप तेवढी टिकतील का?

चक्रधर

यांत्रिक भाग टिकतील याची मला अधिक खात्री वाटते. टेस्लाच्या मॉडेल एस आणि मॉडेल एक्समधील ८ जीबीची मेमरी चिप सततच्या नोंदींमुळे झिजली, पडदा बंद पडून मागच्या कॅमेऱ्याचे चित्रही दिसेनासे होऊ लागले, आणि २०२१ मध्ये सुमारे १ लाख ३५ हजार गाड्या परत बोलवण्यात आल्या. अमेरिकेत २०२२ मध्ये थ्रीजी सेवा बंद झाली तेव्हा अनेक धडधाकट गाड्यांच्या आपत्कालीन मदतीच्या सोयी बंद पडल्या. विजेच्या गाड्या बनवणारी फिस्कर कंपनी २०२४ मध्ये दिवाळखोरीत गेल्यावर तिच्या ग्राहकांपुढे यापुढील अपडेट कोण देणार, हाच प्रश्न उभा राहिला.

म्हणून गाडी घेताना मायलेजइतक्याच आग्रहाने दोन गोष्टी विचाराव्यात. सुरक्षेचे अपडेट किती वर्षे मिळतील हे लेखी मिळते का, आणि नेटवर्क मुळीच नसताना गाडीतील कोणत्या सोयी चालू राहतात?