फोन लागला तर करणार ना!

'भूकंप झाल्यावर पोरं घरी लगेच फोन का करत नाहीत?' असं वर विचारलंय. अहो, लागतच नाही! ११ मार्च २०११ला दुपारी २:४६ वाजता मी टोकियोत होतो, एक्सचेंज स्टुडंट म्हणून. भूकंपाचं केंद्र तोहोकूच्या, म्हणजे ईशान्य जपानच्या, किनाऱ्याजवळ, समुद्रात. तरी आमच्या लॅबमधल्या कपाटांची दारं आपोआप उघडत-मिटत होती. लोकल बंद, मोबाइल मुका. सार्वजनिक फोन फुकट केले होते, पण रांग पार कोपऱ्यावरून वळलेली. नेट मात्र चालू होतं. 'मी ठीक आहे' एवढीच मेल टाकली आणि चार तास चालत हॉस्टेल गाठलं. घरी तोवर टीव्हीवर त्सुनामी बघून रडारड. त्सुनामीचा तडाखा बसलेलं सेंदाई शहर टोकियोपासून रेल्वेने साडेतीनशे किलोमीटर, हे त्यांना कोण सांगणार? मेल त्यांनी उघडली दुसऱ्या दिवशी.