उंदरांच्या पिंजऱ्यात रात्रीची हालचाल मोजायचीय, सेन्सरबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, इथे इलेक्ट्रॉनिक्सवाले बरेच आहेत म्हणून विचारतेय. मी फार्माकॉलॉजीत पीएचडी करतेय, अ‍ॅनिमल हाऊसमध्ये पांढऱ्या उंदरांवर काम चालू आहे. उंदीर निशाचर, त्यांची सगळी धावपळ रात्री दिवे बंद झाल्यावर, आणि आम्ही सकाळी बघायला जातो तेव्हा सगळे तुसात एकमेकांच्या अंगावर गाढ झोपलेले. बाहेर काढून दुसऱ्या डब्यात मोजायचं तर हाताळण्यानेच घाबरतात, शेपटीला धरून उचललं की जास्तच, मग जे मोजलं ते औषधामुळे की भीतीमुळे, कसं कळणार? म्हणून त्यांच्याच पिंजऱ्यात, हात न लावता मोजायचंय.

तयार सिस्टीम आमच्या ग्रँटमध्ये बसत नाही. मग ईएसपी32 ला (छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड) पीआयआर सेन्सर जोडला (जिन्यात माणूस आला की दिवा लावतो तोच). पिंजऱ्याच्या बाजूने काहीच पकडत नाही कारण पॉलीकार्बोनेट आपल्याला आरपार दिसतं पण अंगाच्या उष्णतेचं इन्फ्रारेड त्यातून जात नाही. वरच्या जाळीतून खाली बघत लावला की चालतो, पण तिथेच खाद्य आणि पाण्याची बाटली असते, त्यांच्या आड गेलेला उंदीर सुटतो.

एचसी-एसआर04 हा अंतर मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर मात्र प्लीज कोणी सुचवू नका. तो 40 किलोहर्ट्झवर आवाज सोडतो, आपल्याला कळत नाही पण उंदरांना स्पष्ट ऐकू येतो, पिल्लं आईला हाक मारतात तीसुद्धा अल्ट्रासॉनिकमध्येच. रात्रभर हा छळ त्यांना नको.

आता खरा प्रश्न. एका पिंजऱ्यात तीन उंदीर आहेत, पीआयआरला कोण हललं ते कळत नाही. एकेकटं ठेवलं तर सोपं होईल पण उंदीर सोबतीने राहणारा प्राणी, ते मला करायचं नाहीये. कातडीखाली 134.2 किलोहर्ट्झची आरएफआयडी चिप (प्रत्येकीचा वेगळा नंबर, रीडर तो लांबून वाचतो) आणि पिंजऱ्याखाली अँटेना कॉइल असं कोणी केलंय का? आमचा रॅक स्टीलचा आहे, त्याने रेंज किती मार खाते? मधे लाकडाची फळी टाकून भागेल का? दोन उंदीर एकाच कॉइलवर आले तर रीडर काय वाचतो?

की चिप सोडून वरून नॉयर कॅमेरा (इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर नसलेला, अंधारात बघणारा) आणि 940 नॅनोमीटरचे एलईडी बरे? 850 वाले अंधारात मंद लाल दिसतात म्हणून नको वाटतात.

चिपसाठी एथिक्स कमिटीकडे प्रोटोकॉलमध्ये बदल मागावा लागेल, त्यामुळे ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी आधी सांगा. पिंजऱ्याची मापं हवी असतील तर प्रतिसादात टाकते.