शब्दचर्चा : ‘व्हील अलाइनमेंट’ला आपला शब्द कोणता?

प्रश्न (टिळकवाडी, बेळगाव)
मुलाची रिमोटची गाडी, एकास दहा मापाची. सोडली की डावीकडं ओढते. गल्लीतल्या पोरांसाठी दुरुस्तीचं टिपण मराठीत लिहायला बसलो आणि ‘अलाइनमेंट’पाशीच अडलो. ‘संरेखन’ चालेल का?

उत्तर (खानापूर)
‘संरेखन’ नको. तो सरकारी कागदातला, रस्त्याच्या आखणीचा शब्द. आमच्याकडं सुतार चौकट बसवताना विचारतो, “सुतात आहे काय?” तेच घ्या : चाकं सुतात आणणे. फक्त ‘एक सूत फिरव’ असं लिहू नका. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत लेथवर सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. एवढ्याशा गाडीत तेवढा फरक म्हणजे चाक आडवंच!

उत्तर (निपाणी)
सूत बरोबर, पण अपुरं. आमची कन्नड बोलणारी पोरं ‘नेर माडु’ म्हणतात, म्हणजे सरळ कर, त्याचंही तेच. ही चाकं मुळात सरळ ठेवायचीच नसतात. टूरिंग गाडीत, म्हणजे सपाट रस्त्यावर शर्यतीला पळवायच्या गाडीत, मागच्या चाकांची पुढची कड साधारण 2 ते 3 अंश आत वळवतात, म्हणजे वेगात शेपूट फिरत नाही. तो ‘टो-इन’. कुणी टो-आउटला, म्हणजे ती कड बाहेर वळलेली असते त्याला, ‘फेंगडी चाकं’ म्हणतं, ते मला पटत नाही. फेंगडा म्हणजे पाय फाकवून चालणारा. इथं फक्त पावलं वळलेली असतात. टो म्हणजे पायाचं बोट, मग आपला ‘चवडा’ का नको? पाय जुळवून उभे राहा आणि दोन्ही चवडे आत वळवा, पोराला लगेच कळेल. चवडे आत, चवडे बाहेर. कॅम्बर वेगळा, तो समोरून बघायचा : चाकाचा माथा आत की बाहेर. तिथं ‘कल’ म्हणा.

आता तुमची गाडी. आधी बॅटरी बसवा, रिमोटचं ट्रिम, म्हणजे चाकं किंचित डावी-उजवी करायचं बटण, मध्यावर घ्या, गाडी सपाट फरशीवर दोनदा दाबून सोडा. मग वरून बघा. पुढचं चाक वळवणारी दांडी म्हणजे टर्नबकल. त्याच्या एका टोकाला उजवे आटे, दुसऱ्याला डावे. त्यामुळं न काढता पान्यानं फिरवला की दांडी लांब-आखूड होते. दांडी आसाच्या मागं असेल तर लांब केल्यावर चवडा आत जातो, पुढं असेल तर बाहेर. इथंच सगळे चुकतात.

प्रश्नकर्ता
पुढच्या उजव्या चाकाचाच चवडा जास्त आत होता! दांडी मागं आहे, अर्धा फेरा आखूड केली, गाडी गल्लीच्या टोकापर्यंत सरळ गेली. टिपणात ‘चवडा’ आणि ‘कल’ दोन्ही घेतले, वर ‘चाकं सुतात आणणे’ हा मथळा. कॅस्टर राहिला. पुढचं चाक ज्या पिनेवर वळतं ती बाजूनं बघितली तर मागं रेललेली असते, म्हणून मुलगा ‘रेल’ म्हणतोय. चालेल?

उत्तर (खानापूर)
चालेल की. लिहून टाका.